ओला मिटलेला वस्तरा

“मग वस्तरा देताय ना, वस्ताद?”

उत्तमनं तिसऱ्यांदा विचारलं.

मुकिंदवस्ताद स्टोव्हवरच्या पातेल्याकडे बघत होते. पाणी तापत आलं होतं. दुकानात गिऱ्हाईक एकही नव्हतं.

“कुठला वस्तरा?”

“तुम्हाला ठाऊक आहे कुठला. शिंगाच्या मुठीचा.”

वस्तादांनी स्टोव्हला दोन पंप मारले.

माझी पिठाची गिरणी त्या दुकानाला लागून आहे. वीज गेली की मी वस्तादांच्या पायरीवर येऊन बसते. बाईमाणसानं न्हाव्याच्या दुकानात काय बसायचं, असं म्हणणारे करमाळ्यात पुष्कळ आहेत. वीज आली की दळण घेऊन माझ्याच दारात उभे असतात. तेव्हा त्यांचं सोडा.

फाल्गुन होता. भर दुपार. रस्त्यावर उत्तमची पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं.

उत्तम म्हणजे हरिबाचा मुलगा. हरिबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. पोरगं बारा वर्षांचं झालं तसं त्यानं ते आणून वस्तादांच्या हवाली केलं. नऊ वर्षं उत्तम इथं शिकला. मग पुण्याला गेला. आज पुण्यात त्याची सात दुकानं आहेत. काचेची, गारेगार.

आता आठवं निघणार होतं, गुढीपाडव्याला. ते कसं असणार, ते तो तासभर सांगत होता.

त्या दुकानात यंत्र नसणार. फेस डब्यातला नसणार. लाकडी वाटी, चंदनाचा साबण, मऊ केसांचा ब्रश, वाफेतला टॉवेल, आणि वस्तरा. एका दाढीला पाऊण तास. त्याचे लोक हजार रुपये देतात, खुशीनं देतात, आणि निघताना फोटो काढून घेतात.

“जुन्या पद्धतीची दाढी परत आलीय, वस्ताद.”

“परत आली?”

“हो.”

“गेली कुठं होती?”

उत्तम हसला. मग त्यानं तेही सांगितलं. आधी लोक घरी दाढी करायला लागले, डब्यातला फेस आणि पाच पात्यांचा रेझर घेऊन. मग पोरांनी दाढ्याच ठेवल्या. न्हाव्याच्या हातात राहिलं काय, तर यंत्र. आणि आता मोठ्या लोकांना त्याचाही कंटाळा आला. त्यांना कुणीतरी हळूच गालाला हात लावायला हवा आहे.

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच ऐकवत नव्हतं.

याच दुकानात चार खुर्च्या मी पाहिल्यात. बाजाराच्या दिवशी माणसं माझ्या गिरणीच्या भिंतीला पाठ लावून बसायची. दाढीला नंबर लागायचा आणि नंबरावरून भांडणं लागायची. आता एक खुर्ची आहे. दिवसाला दोन माणसं येतात, कधी एक. त्यांच्यासाठीसुद्धा नवं पातं अर्धं मोडून लावावं लागतं, रोगाच्या भीतीनं. ते बरोबरच आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. पण शिंगाच्या मुठीचा तो वस्तरा वस्तादांनी एका माणसासाठी राखून ठेवला होता. त्या माणसाला दुसरं पातं चालायचं नाही.

तो माणूस म्हणजे हरिबा. उत्तमचा बाप.

“काचेच्या पेटीत ठेवणार आहे,” उत्तम म्हणाला. “वर दिवा. खाली तुमचं नाव. तुम्हाला न्यायला गाडी पाठवतो. शाल, श्रीफळ, सगळं करायचंय.”

“चालवणार न्हाईस?”

“चालवायचा नाही. लोकांनी बघायचा.”

“वस्तरा बघायचा?”

…

पाण्याला बुडबुडे यायला लागले. वस्तादांनी स्टोव्ह बारीक केला. गिऱ्हाईक असो नसो, दिवसभर ते पाणी गरम ठेवतात. उत्तम म्हणाला, अजून तीच सवय, रॉकेल फुकट जातं. मग त्याचा आवाज खाली आला.

“वस्ताद, माझ्याकडे पैसा आहे. पण वस्तरा नसेल तर ते नुसतं एक महागडं दुकान आहे. असली दुकानं आता गल्लोगल्ली निघतील. मी कुणाच्या हाताखाली शिकलो, ते माझ्याकडे दाखवायला काही नाही.”

एवढं त्यानं खरं सांगितलं. त्याला वस्तरा नको होता. वस्तादांनी सगळ्यांसमोर ‘हा माझा’ म्हणावं, ते हवं होतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण मागत होता पोरासारखं.

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं.

“दोन कायदे होते आपल्या दुकानात. ध्यानात हायेत?”

“ओला वस्तरा मिटायचा नाही.” उत्तम लगेच म्हणाला.

तो कसा विसरेल? चौदा वर्षांचा असताना एकदा त्यानं घाईत ओला वस्तरा मिटून ठेवला होता. वस्ताद त्याला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर एक मडकं ठेवलं आणि महिनाभर त्या मडक्याला साबण लावून दाढी करायला लावली. येणारं-जाणारं माणूस विचारायचं, काय रं, मडक्याला मिशा ठेवायच्या का काढायच्या? मीही विचारलं होतं.

“आणि दुसरा?”

उत्तम थांबला. दुसरा त्याला आठवला नाही. किंवा आठवला आणि तो बोलला नाही…

दुसरा मला ठाऊक आहे. दिवसाचं शेवटचं गिऱ्हाईक वस्तादांनी करायचं, आणि त्यानंतरचा वस्तरा शागिर्दानं धुवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पात्यावर काय उरलंय ते नीट बघायचं, मग कोमट पाण्यात धुवायचा, पुसायचा, चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, खोबरेलाचं बोट फिरवायचं, तेव्हा कुठं मिटायचा. नऊ वर्षं उत्तमनं तो धुतला. रोज संध्याकाळी मी गिरणी बंद करायचे तेव्हा तो पायरीवर वाटी घेऊन बसलेला असायचा. पाणी निवायच्या आत आटप, असं वस्ताद आतून म्हणायचे.

तो पुण्याला गेल्यावर दुसरा शागिर्द आलाच नाही.

आता हरिबाचं सांगते, कारण ते सांगितल्यावाचून पुढचं कळायचं नाही.

हरिबाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. अडीच वर्षं खाटेवर होता, लेकीच्या घरी. उत्तम पैसे पाठवायचा, औषधं पाठवायचा, त्यात कसूर नाही. एकदा त्यानं दाढीचं यंत्र पाठवलं. कसं चालवायचं ते फोनवर चित्रात दाखवलं. हरिबानं खोकं उघडू दिलं नाही. वस्ताद एक दिवसाआड जायचे, पिशवीत वस्तरा, वाटी, साबण घेऊन. ऐंशी वर्षांचा माणूस चालत जायचा, चालत यायचा.

एका दिवाळीला उत्तमनं कळवलं की तो येतोय आणि बापाची दाढी स्वतः करणार आहे. हरिबानं नऊ दिवस वस्तादांना गालाला हात लावू दिला नाही. पाडव्याला सकाळपासून लेकीनं तीनदा पाणी तापवलं. तीनदा निवलं. दुकानात दिवाळीची गर्दी होती, उत्तमला निघता आलं नाही. भाऊबीजेला वस्ताद गेले तेव्हा हरिबानं आपण होऊन मान वर केली. तोंड भिंतीकडे होतं.

गेल्या चैत्रात तो गेला.

मी होते तिथं. वस्ताद उजाडताच आले. त्यांनी पाणी तापवलं, अगदी नेहमीसारखं हातावर घेऊन बघितलं, गेलेल्या माणसाच्या गालाला फेस लावला आणि दाढी केली. घाई नाही, काही नाही. हनुवटीखाली हरिबाच्या केसांचा एक भोवरा होता, तिथं दोन बोटांनी कातडी ताणून धरली. बायका रडायच्या थांबून बघत राहिल्या.

उत्तम दुपारी पोचला. बापाच्या गालावरून त्यानं हात फिरवला. म्हणाला, चेहरा किती शांत दिसतोय.

न्हाव्याचा हात तो. गुळगुळीत गाल हाताला लागला, आणि त्यानं विचारलं नाही की दाढी कुणी केली.

हे मी त्याला अकरा महिने सांगणार होते. वस्तादांनी शपथ घातली म्हणून गप्प राहिले. मी गप्प राहते म्हणजे काय, ते या पेठेत कुणालाही विचारा.

“दुसरा आठवंना, तर ऱ्हाऊ दे,” वस्ताद म्हणाले. “वस्तरा कोनाड्यात हाय. घे.”

उत्तम इतक्या पटकन उठला की खुर्ची गर्रकन फिरली. कोनाड्यातली लाकडी पेटी त्यानं दोन्ही हातांनी काढली, कपाळाला लावली. आत फडकं. फडक्यात वस्तरा. शिंगाची मूठ तशीच होती, काळी, मधे पिवळसर.

त्यानं उघडायला घेतला. उघडेना.

अंगठ्यानं जोर केला. करकरत उघडला.

पातं तांबूस झालं होतं. गंजानं धार खाल्ली होती. पात्याला साबण वाळून चुन्यासारखा चिकटला होता, त्यात बारीक बारीक केस.

उत्तमचा चेहरा लाल झाला.

“कुणी हात लावला याला?”

“मी.”

“तुम्ही ओला मिटला?”

“हां.”

…

उत्तमनं माझ्याकडे पाहिलं. म्हातारा आता भ्रमला, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मग तो मायेनं बोलायला लागला, आणि ती माया मला त्याच्या रागापेक्षा जास्त लागली. म्हणाला, वय झालं की होतं असं, मनाला लावून घेऊ नका. पुण्यात एक कारागीर आहे, आरशासारखा करून देईल. बोलता बोलता त्यानं खिशातून रुमाल काढला आणि वाळलेला फेस खरवडायला नख लावलं.

“आधी बघ,” वस्ताद म्हणाले.

“काय?”

“पात्यावर काय हाय ते. काय शिकवलं हुतं?”

उत्तमनं पातं दाराच्या उजेडात धरलं. आता तो सात दुकानांचा मालक दिसत नव्हता. वाटी घेऊन पायरीवर बसणारा दिसत होता. केस पांढरे होते, राठ, आखूड. ओठाच्या बाजूचे काही टोकाला पिवळे पडलेले. बिडीनं पडतात तसे.

हरिबा खाटेवरसुद्धा बिडी ओढायचा.

उत्तमचा हात खाली आला. परत वर गेला. त्यानं पुन्हा पाहिलं. कुत्रं गाडीखालून उठलं, अंग झाडलं आणि दुसरीकडे जाऊन पडलं. मी दुसरीकडे बघायला हवं होतं. मी नजर हलवली नाही.

“त्या दिवसाचे?” त्यानं विचारलं.

वस्तादांनी मान हलवली.

“तुम्ही केली होती…”

“मग कोण?”

“मला कुणी बोललं नाही.”

“तू विचारलं न्हाईस.”

…

उत्तम गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. वस्तरा उघडा, दोन्ही हातांत, पाण्यानं भरलेलं भांडं धरावं तसा. मग तो बोलला, आणि त्याचा आवाज पुण्याचा राहिला नव्हता.

“अकरा म्हैने असाच ठेवला? धुवायचा की, वस्ताद. एवढा वस्तरा… गंजवून टाकला.”

“शेवटचं गिऱ्हाईक हुतं त्याचं.”

“म्हणून?”

“शेवटचा वस्तरा कुणी धुवायचा?”

उत्तमनं पायरीकडे पाहिलं. मग शाळेत पाठ म्हणावा तसा तो म्हणाला,

“शागिर्दानं.”

वस्ताद उठले. उठताना गुडघ्यावर हात टेकला. पातेलं उतरवलं, पितळेच्या वाटीत पाणी ओतलं, एका बोटानं पाहिलं, थोडं गार मिसळलं. परत बोट. वाटी त्यांनी पायरीवर ठेवली, जिथं ती नऊ वर्षं रोज ठेवलेली असायची. मला सरकून बसावं लागलं.

उत्तम येऊन पायरीवर टेकला. परीटघडीची पँट धुळीत गेली, ते त्यानं पाहिलं नाही. वस्तरा त्यानं पाण्यावर नेला.

आणि तिथंच धरून राहिला.

वाटीतून वाफ येत होती. पात्यावरचा वाळलेला फेस वाफेनं जरा ओला झाला, आणि एक पांढरा केस सुटून लोंबायला लागला. उत्तमनं हात मागे घेतला.

“धुतला तर हे जातील, वस्ताद.”

…

“माझ्यापाशी त्यांचं दुसरं काही नाही.”

वस्ताद दारात उभे होते. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात होता. ते उत्तमकडे पाहत नव्हते, वाटीकडे पाहत होते. वाफ पातळ व्हायला लागली होती.

“पाणी निवतंय, उत्तम.”