पूंगोडीचं हिरवं मडकं

कावेरी नदी नारळांच्या सावलीतून जिथे हळूच वळते, तिथल्या एका गावात पूंगोडी नावाची आठ वर्षांची मुलगी राहत होती. घर एवढंसं, झावळ्यांचं. घरात दोघीच, ती आणि तिची अम्मा. मागच्या वर्षीच्या तापाने अम्माच्या पायांतलं बळच गेलं, आणि तेव्हापासून ती ओट्यावर पडून होती. एकेकाळी देवीच्या उत्सवात तीच गाणं सांगायची आणि सगळ्या बायका तिच्यामागून म्हणायच्या. आता ती गुणगुणतही नसे.

पूंगोडी रोज सकाळी मारीअम्मन देवीच्या देवळामागच्या बागेत फुलं वेचायची, गजरे बांधायची आणि त्यावर दोघींचं पोट भरायची. एकदा चार हात लांब अबोलीचा गजरा बांधून होतच आला होता, तेवढ्यात आवाज आला, "अगं अगं, मी फूल नाहीये!"

बघते तर काय, गजऱ्याच्या पार पहिल्या गाठीत एक टिचभर परी अडकलेली! केशरी झगा, दवासारखे लुकलुकणारे पंख, आणि रागाने फुगलेले इवले इवले गाल. तिला सोडवायचं तर अख्खा गजरा उसवायला हवा. म्हणजे आज चूल थंड! पण पूंगोडीने एकेक गाठ अलगद सोडली.

"गुणाची गं माझी बाय," परीचा राग कुठल्या कुठे पळाला. "माग काय हवं ते."

"माझी अम्मा चालू दे," पूंगोडी पटकन म्हणाली.

"देईन. पण नियम कडक आहेत हं! उत्सवासाठी तुम्ही मडक्यात धान्य पेरलंय ना? ते मडकं डोक्यावर घेऊन देवीसमोर मोठ्याने मागायचं. आणि तोवर त्या रोपांवर उन्हाची तिरीपही पडता कामा नये. पडली तर माझी जादू संपली."

आपल्याकडे नवरात्रात घट बसवतात ना, तसंच तिकडे आषाढात मारीअम्मनसाठी मडक्यांत धान्य पेरतात. नऊ दिवस मडकी अंधारात ठेवायची, म्हणजे रोपं उंच आणि सोन्यासारखी पिवळी होतात. गावातली एकवीस मडकी अळगम्माच्या अंधाऱ्या खोलीत होती आणि पाणी घालायचं काम पूंगोडीकडे. ही अळगम्मा म्हणजे तिखट बाई. तिच्या तोंडापुढे मिरचीनेही हात टेकावेत!

परी पूंगोडीबरोबर त्या खोलीत गेली आणि तिने पंख झटकले. झगमग झगमग सोनेरी भुकटी उडाली ती एका मडक्यावर थोडीच थांबते? सगळ्याच मडक्यांवर पडली.

आठव्या दिवशी सकाळी पूंगोडी चाचपडत पाणी घालत होती. तिच्या मागोमाग अळगम्माची तीन वर्षांची नात कण्मणी कधी आत शिरली, कळलंच नाही. कोपऱ्यातून एकदम रडं ऐकू आलं.

"अक्का! शेपटीवाला किडा!"

विंचू! काळोखात पाय टाकायचा कुठे?

"हलू नकोस, राणी. देवीच्या मूर्तीसारखी उभी राहा!"

खिडकी उघडायलाच हवी होती. तिने खुंटीवरची जुनी साडी ओढली आणि एका झटक्यात मडक्यांवर पसरली. वीस झाकली गेली. उरलं एकच, खिडकीजवळचं, तिचं स्वतःचं. साडी तिकडे ओढावी, तर दुसऱ्या कुणाचं तरी उघडं पडणार. कण्मणी हुंदके देत होती. पूंगोडीने डोळे मिटले आणि खिडकी सताड उघडली.

विंचू कण्मणीच्या अंगठ्यापासून चार बोटांवर होता. पूंगोडीने तिला उचललं, विंचवाला केरसुणीने बाहेर लोटलं. मग मात्र ती मडक्यापाशी बसून ढसाढसा रडली. तिच्या रोपांवर ऊन पडलं होतं.

उत्सवाच्या दिवशी ढोल घुमले, सनया वाजल्या. वीस डोक्यांवर सोनपिवळी रोपं डुलत होती आणि एका डोक्यावर हिरवीगार. बायका कुजबुजल्या. देवळाच्या दारात अळगम्मा कडाडली, "हिरवं? खोलीत उजेड कुणी केला?"

पूंगोडीने मान खाली घातली. पण कण्मणी थोडीच गप्प बसते! आजीला ती पाटी म्हणायची.

"पाटी, मला किडा खाणार होता. अक्काने खिडकी उघडली. तुझं मडकं झाकलं, तिचं नाही झाकलं."

अळगम्माने आपलं सोनेरी मडकं उतरवलं आणि पूंगोडीच्या डोक्यावर ठेवलं. हिरवं मडकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "हे मी मिरवीन," ती म्हणाली. "कुणी हसून तर दाखवा! जा पोरी, देवीला काय मागायचं ते माग."

पूंगोडी देवीसमोर उभी राहिली आणि ओरडली, "माझ्या अम्माला चालू दे!"

सोनेरी रोपांतून परी वर उठली, हसली. "मडकं बदललं तरी जादू तीच गं," म्हणाली, आणि असा लखलखाट झाला की देवीच्या नथीपासून कळसापर्यंत सगळं उजळून निघालं. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती.

तेवढ्यात गल्लीतून गाणं ऐकू आलं. गेले वर्षभर कुणी न ऐकलेला तो आवाज! ढोलवाल्यांचे हात थांबले. पूंगोडी दाराकडे धावली. अम्मा येत होती, आधी भिंत धरून, मग भिंत सोडून, आणि मग दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत. बायकांनी चटकन फेर धरला, आणि पुढची ओळ अम्माने सांगितली.