येसाईचे खडे आणि रावजीची फुलं

ही गोष्ट आमच्याइतकी चोख कुणालाच येत नाही. अक्षर न् अक्षर पाठ आहे. साल तेवढं आठवत नाही, नावं दोनच लक्षात राहिलीत, आणि शाळा तिसरीतच सुटल्यामुळे अक्षरांचंही फारसं खात्रीनं सांगवत नाही. पण ऐका.

फार वर्षांपूर्वी, निवेवाडीला धड पायवाटसुद्धा नव्हती तेव्हा, गावदेवीच्या देवळामागे एक तुकडा होता. वर वडाची अशी दाट सावली की भर दुपारी तिथं दिवेलागण वाटावी. खाली नुसता मुरूम. देवीचं अंगण ना ते! गावानं तिथं वाळकं पान म्हणून राहू दिलं नाही. रोज सकाळी झाडून लख्ख. झाडून झाडून माती गेली आणि नुसती लाल हाडं राहिली.

देवीला फुलं आणायची सेवा गुरवाघरच्या येसाईची. विधवा बाई, बोलणं मोजकं. दोन कोस रान तुडवून ओंजळभर फुलं आणायची. तिला झाडांची भाषा कळायची, असं म्हणतात. आम्हाला विचाराल तर तिला गप्प बसता यायचं, आणि निवेवाडीत ते तेव्हाही चमत्कारातच जमा होतं.

गप्प बसणं ज्याला जन्मात जमलं नाही तो खोतांचा कारभारी, रावजी. दसऱ्याला साऱ्या गावासमोर मिशीवर हात फिरवत म्हणाला, "येत्या शिमग्याला देवीची पालखी देवळामागच्याच फुलांनी सजवीन. नाही सजवली, तर ही मिशी देवीच्या पायाशी!"

त्यानं तिथं गुलाब लावला, झेंडू लावला, शेवंती लावली. येसाई एवढंच म्हणाली, "ही उन्हाची लेकरं रे, रावज्या. इथं कशी नांदतील?" रावजी हसला, म्हणून गावही हसलं. माघात झेंडू गेला, पौषातच गुलाब गेला होता, आणि शेवंतीनं तर पौषाचीही वाट बघितली नव्हती.

शिमगा आला. पालखीच्या दिवशी पहाटे रावजीनं बाजारातून आणलेली टोपलीभर फुलं देठांसकट मुरुमात खोवली. सकाळी गाव बघतं तर बाग फुललेली! ढोल वाजले. बायकांनी रावजीला ओवाळलं.

येसाई त्या दिवशीही वडाच्या मुळीवर येऊन बसली होती. तिची रीतच ती. जागा ओळखायची तर उगवतीपासून मावळतीपर्यंत बसायचं आणि ऊन जिथं टेकेल तिथं एकेक खडा ठेवायचा. खडे ठेवता ठेवता ती फुलांकडे बघत होती. रावजीकडे बघत नव्हती, आणि तेच त्याला जास्त टोचत होतं.

पालखी निघायच्या आधीच फुलांनी माना टाकल्या. रावजी घाईनं फुलांच्या आडवा उभा राहिला. कुणी एखादं उपटून बघितलं तर? आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ही बाई सकाळपासून टक लावून बसलीय. हिची नजर लागली!"

सारं गाव येसाईकडे वळलं. ती उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि घरी गेली. संध्याकाळी गावानं तिची सेवा काढून घेतली. सुकलेली फुलं मात्र रावजीनं स्वतःच्या हातानं नदीत सोडली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लोक म्हणाले, केवढा जाणता माणूस!

हे 'जाणता' ऐकलं की रावजी पारावरून उठून जायचा. येसाई दिसली की बाया लेकरं पदराआड घेत. एकदा तर समोरून रावजीला येताना बघून तीच वाट सोडून काट्यांत उभी राहिली. हा मान खाली घालून पुढं गेला. मिशी जागच्या जागी होती, पण तिच्यावर हात फिरवायची हिंमत गेली होती.

मग यंदा पेरणी मृगाला धरायची का म्हणून देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही पडेना. तीन दिवस झाले, पाकळ्या वाळून काळ्या पडल्या, वादळी वारा गाभाऱ्यात शिरून गेला, तरी हलल्या नाहीत, असं म्हणतात. गाव घाबरलं.

भरल्या देवळात रावजी उभा राहिला. "फुलं खोवलेली होती," म्हणाला. देवीकडे वळला. मग म्हणाला, "नजर कुणाची लागली नाही. मीच खोटा." उजवी पाकळी टपकन पडली. आणि सगळेच आपापल्या पायांकडे बघत राहिले. सेवा काढून घेताना 'हो' तर सगळेच म्हणाले होते.

मिशी देवीच्या पायाशी ठेवून रावजी येसाईच्या दारात गेला. उंबऱ्याबाहेरच बसला. "तुझी सेवा तुला परत. आणि येसाई, तिथं काय लावू, तेवढं सांग."

तिनं ओंजळभर खडे त्याच्या पुढ्यात ओतले. "आधी बस," म्हणाली.

रावजी दिवसभर वडाखाली बसला, जन्मात पहिल्यांदा गप्प. तेव्हा त्याला दिसलं की भिंतीशी सकाळी दोन घटका ऊन येतं. तिथं येसाईनं अबोली लावली. भिंतीच्या ओलीला रानातले नेचे आणून लावले. गडद सावलीत भुईचाफ्याचे कंद पुरले. आणि झाडू बंद केला, पाचोळा जागीच कुजू दिला. तीन पावसाळे गाव कुरकुरलं, देवीचं अंगण की उकिरडा? पण मोठ्यानं कुणी बोललं नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

तिसऱ्या चैत्रात एका सकाळी, ना पान ना फांदी, नुसती पांढरी-जांभळी फुलं जमिनीतून वर आलेली! भुईचाफ्याची तऱ्हाच ती, आधी फूल, मग पान. पण गाव रानात जायचं ते जळणाच्या फाट्यांना. फुलं कोण बघतो? सारे एकसुरात ओरडले, "रावजीनं परत खोवली!"

येसाई गेली त्या दिवशी वडाखालचे कवडसे मावळेपर्यंत जागचे हलले नाहीत, असं म्हणतात. आजही निवेवाडीत झाड लावण्याआधी माणूस त्या जागी दिवसभर बसतो, येसाईचे खडे ठेवतो. देवळामागे झाडू नेत नाहीत. आणि चैत्रात पहिला भुईचाफा निघाला की रावजीच्या घरातला वडीलधारा मिशी उतरवून तिथं उभा राहतो, हात जोडतो आणि गाव ओरडलं त्या सकाळी रावजी बोलला तेच बोलतो, "येसाई, देवीशपथ, या खेपेला खोवली नाहीत गं! तू एकदा बघ तरी!"

मग गुरवाघरची सगळ्यात म्हातारी बाई पाठ फिरवते, पदर डोळ्यांवर ओढते आणि येसाईनं दिलेलं उत्तर देते, "मी कशी बघू रे, रावज्या? माझी नजर लागते ना?"