अळंबीचा रस

रानाला माणसाची चाहूल नुकती लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याच्या एका डोहात एक खेकडी राहायची. एके दिवशी वरच्या अंगाला रंगाऱ्याने आपली पिंपं धुतली आणि डोह जांभळा झाला. मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले. खेकडीच्या पोटाखाली तर इवली इवली पिल्लं होती.

"डोहाच्या खालच्या बांधाला बीळ पाड," बेडूक म्हणाला, "रंग जाईल खाली वाहून."

खेकडीने नांगी उचलली. तेवढ्यात खालच्या डोहात खेळणारी कुणाची तरी पिल्लं तिला दिसली. नांगी तिथेच थांबली.

काठावरच्या कुजक्या ओंडक्यावरून अळंबी म्हणाली, "मावशी, माझ्या रसापुढे लाकूड टिकत नाही, तिथे रंगाची काय कथा! लाकडासकट मला पाण्यात ने. पण धीर धरावा लागेल."

"घाणीत आणखी घाण!" बेडूक हसला.

खेकडीने कुजक्या लाकडाचे तुकडे तोडून डोहात रचले. चार दिवस काहीच घडलं नाही. पिल्लं मलूल झाली, तिचाही धीर खचत चालला. आठव्या दिवशी रंग फिका पडला आणि पंधराव्या दिवशी तळाची वाळू दिसू लागली.

बेडकाने चकित होऊन विचारलं, "अळंबीताई, एवढा रंग टाकलास कुठे?"

"टाकला असता, तर कुणाच्या तरी दारात गेला असता," अळंबी म्हणाली. "मी त्याचे बारीक बारीक तुकडे केले. रंग उरलाच नाही."

खेकडीने पोट सैल सोडलं. एकेक पिल्लू वाळूवर उतरलं आणि तिरकं तिरकं चालू लागलं.