विकत घेतलेलं नाव

वसईच्या 'उधाण' या रॉक बँडनं म्हातारपणी आपली सगळी गाणी आणि बँडचं नावसुद्धा एका कंपनीला विकलं. ड्रम वाजवणाऱ्या हिलरीच्या उपचारांसाठी दुसरा इलाज नव्हता. तरीही हिलरी गेलाच. दफनाच्या वेळी त्यानंच रचलेलं गाणं म्हणायचं गायक मेल्विन डाबरेनं ठरवलं, तेव्हा कंपनीचे मालक रणदिवे फोनवर गरजले, "एक ओळ जरी गायलात तर कोर्टात खेचीन. आता ती गाणी आमची आहेत!" मेल्विन मित्राच्या थडग्यापाशी ओठ आवळून उभा राहिला. तो राग त्याच्या छातीत धुमसतच राहिला.

पुढं रणदिव्यांनी वसईतच 'उधाण'चा कार्यक्रम लावला. मंचावर भाड्यानं आणलेले गुळगुळीत गायक होते. दोन गाण्यांतच लोक खवळले.

"हे कसलं उधाण? ही तर ओहोटी!"

घामाघूम झालेल्या रणदिव्यांना प्रेक्षकांत मेल्विन दिसला. ते माइकवरूनच विनवू लागले, "मेल्विनभाऊ, वर या, एक गाणं म्हणा. अहो, शेवटी नाव तुमचंच खराब होतंय!"

मेल्विन उठला. संतापानं त्याचा आवाज चिरकला, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"माझं कसं? हिलरीला पुरताना तर सगळं तुमचं होतं! साहेब, नाव तुम्ही विकत घेतलंत ना? मग आता लोक ठेवताहेत ती नावंही तुम्हीच घ्या!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. मेल्विन मागं न बघता फाटकाबाहेर पडला आणि त्याच्यामागोमाग खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या.