मागच्या सीटवर

"गाडीची लांबी वीतभर वाढवून मिळाली तर काय बिघडेल, मायेस्त्रो?"

एलिओने पुन्हा तेच विचारलं.

तुरिनमधल्या त्या मोटार कारखान्यात बेल्त्रामींना सगळेच मायेस्त्रो म्हणत, म्हणजे गुरुजी. गाड्या रेखाटण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एलिओ त्यांचा लाडका शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारा.

कारखान्याच्या मोठ्या गाड्या खपेनाशा झाल्या होत्या. ही नवी छोटी गाडी चालली नाही, तर कारखान्याला टाळं लागणार होतं.

"शहरातल्या गल्ल्या रुंद होणार आहेत का?" मायेस्त्रोंनी विचारलं.

"नाही."

"मग गाडी आहे तेवढीच राहील."

एलिओने गाडीच्या पूर्ण आकाराच्या लाकडी नमुन्यावरची चादर ओढली. लांब, निमुळतं बॉनेट उजेडात आलं.

"मग माणसांनी थोडं सांभाळून बसावं. बॉनेट मी आखूड करणार नाही. सगळा रुबाब त्यातच आहे."

मायेस्त्रो नमुन्याची पुढची सीट वाकवून मागे शिरले आणि बसले.

एलिओ बॉनेटच्या रेषेबद्दल बोलला. इंजिनाबद्दल बोलला. वारा कसा कापला जाईल, तेही सांगितलं...

जेवणाची घंटा झाली. मायेस्त्रो आतच.

"बाहेर या ना."

"येता येत नाही."

त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. एलिओने दोन्ही हात धरून त्यांना ओढून काढलं. म्हाताऱ्याला सरळ उभं राहवेना. भिंतीचा आधार घेत ते जेवायला निघून गेले.

एलिओ त्या रिकाम्या सीटकडे पाहत राहिला...

मग त्याने करवत उचलली आणि स्वतःच्या हाताने बॉनेट कापलं.

त्या हिवाळ्यात त्याने आखूड बॉनेटमध्ये मावावं म्हणून इंजिन आडवं बसवलं. वाचलेली जागा माणसांना दिली. मागची काच आणि डिकीचं झाकण जोडून वर उघडणारं एकच दार केलं. आडव्या इंजिनाने गिअर मोडतील, असं सगळे म्हणत होते. मोडलेही. एलिओ ते पुन्हा करत राहिला, टिकेपर्यंत.

वसंतात गाडीची परीक्षा घ्यायला कारखान्याचे अध्यक्ष आणि संचालक आल्प्सच्या एका घाटमाथ्यावर जाऊन थांबले. खालून गाडी निघाली. एलिओ चालवत होता. शेजारी एक कामगार, मागे दोघे कामगार आणि खिडकीशी मायेस्त्रो. डिकीत सामान खच्चून भरलेलं.

पहिल्या वळणावर एलिओने खालचा गिअर टाकला. गाडीने वळण घेतलं. त्याहून अवघड पुढचंही घेतलं. रस्त्याकडेला एक भलीमोठी गाडी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी होती. छोटी गाडी तिच्या बाजूने घुमत वर निघून गेली. कामगार मोठ्याने गाऊ लागले, आणि कधी नव्हे तो एलिओही त्यांच्यात सूर मिसळू लागला.

माथ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी टोपी हवेत उडवली. कारखाना वाचला होता.

एलिओ मागे वळला.

मायेस्त्रो पाय पसरून गाढ झोपले होते.

त्याने हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला.

"मायेस्त्रो... गाडी कशी वाटली?"

म्हाताऱ्याने डोळे किलकिले केले.

"कुठली गाडी?"