कोरं वाचन

ही गोष्ट राजाची नाही, सावकाराचीही नाही. एका गावात एक शाळा होती, त्या शाळेतल्या बाईंची आहे. त्यांचं नाव इंदुमतीबाई. पहिली ते चौथी असे चार वर्ग, खोल्या दोन आणि शिकवणाऱ्या त्या एकट्या. सत्तावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. एका वर्गाला पाढे लावायचे, दुसऱ्याला शुद्धलेखन घालायचं, तिसऱ्याचं मोठ्यानं वाचन घ्यायचं, तोवर चौथीत मारामारी. घसा बसायचा, पाय सुजायचे. पण वाचता न येणारं पोर त्या शाळेतून बाहेर पडलं नव्हतं.

गावाची एक रीत होती. शाळा नवी निघाली तेव्हा गावात वाचता येणारं कुणीच नव्हतं. पोरं खरंच शिकतात की नुसती बसून येतात, हे कळायचं कसं? म्हणून जुन्या लोकांनी ठरवलं, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गावातल्या कुणीही घरून एक कागद आणायचा. कुणाचं पत्र, औषधाबरोबर आलेली चिठ्ठी, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, काहीही चालेल. सहामाहीला चौथीत पहिल्या आलेल्या पोरानं तो कागद तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर वाचायचा. आधी पाहायचा नाही. याला गावात 'कोरं वाचन' म्हणत. परीक्षेच्या निकालाला गाव फारसं विचारत नसे. कोरं वाचन नीट झालं की गावाच्या लेखी शाळा पास.

मग दोन वर्षांपूर्वी शाळेत टॅब आले. शहरातल्या एका संस्थेनं तिसरी-चौथीच्या मुलांसाठी अकरा टॅब दिले, सोबत कानात घालायच्या वायरी. गावानं नारळ फोडला, टॅबना हळदकुंकू वाहिलं. ते कुंकू फटींतून काढता काढता बाईंचा अर्धा दिवस गेला.

पण बाईंना खरंच हत्तीचं बळ आलं. टॅबमध्ये धडे होते, हलणारी चित्रं होती, प्रश्न होते. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवी खूण उमटे. मोठी मुलं कानात वायरी घालून मान खाली घालून बसत आणि बाईंना पहिली-दुसरीला अक्षरं गिरवून घ्यायला निवांत वेळ मिळे. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता. मोठ्यानं वाचन घेण्याची आता गरजच काय, असं बाईंना वाटू लागलं. ते बंदच पडलं. रोज शाळा सुटताना त्या हिरव्या खुणा बघत आणि समाधानानं घरी जात. चूक झाली ती इथं. पण शांत बसलेला वर्ग बघून काही बिघडलंय असं कुणाच्या मनात यावं?

सगळ्यांत जास्त हिरव्या खुणा वैजयंताच्या. सगळे तिला वैजू म्हणत. रावजी पाथरवटाची ती थोरली. रावजी पाटे-वरवंटे घडवायचा. त्याला अक्षरओळख नव्हती, वैजूच्या आईलाही नव्हती. यंदा टॅबवरच झालेल्या सहामाही परीक्षेत वैजू चौथीत पहिली आली आणि रावजीला आभाळ ठेंगणं झालं. पाटा घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "सव्वीस तारखेला या. माझी पोरगी कोरं वाचन करणार आहे."

यंदा त्या दिवशी तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेबही येणार होते. तालुक्यातली सगळ्यांत चांगली शाळा त्यांना निवडायची होती आणि टॅबमधल्या खुणा पाहून त्यांनी या शाळेचं नाव यादीत वर ठेवलं होतं. बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. जाता जाता हा मान मिळावा असं त्यांना फार वाटे. यात वावगं ते काय? जन्म एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावण्यात गेलेला. कुणीतरी एकदा नाव घ्यावं असं वाटणारच.

चोवीस तारखेला बाईंनी वैजूला जवळ बोलावलं. सहज सराव म्हणून कपाटातलं एक जुनं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. "हे पान वाच बघू. मोठ्यानं."

वैजूनं पान समोर धरलं. तिचं बोट पानाच्या वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथं तिनं जरा दाबलं, थांबली, पुन्हा दाबलं. मग बाईंकडे पाहून ती म्हणाली, "बाई, हे बोलत नाही."

बाईंनी टॅब उघडला. आजवर कधी घातली नव्हती ती वायर कानात घातली आणि वरच्या कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर बोट ठेवलं. एक गोड आवाज सगळा धडा वाचून दाखवू लागला. धडा झाला, प्रश्न वाचला, खालची चारही उत्तरं वाचली. बघायला एक अक्षरही लागत नव्हतं. ऐकायचं आणि बोट ठेवायचं.

"वैजू, तू रोज हेच करतेस?"

"हो बाई. टॅबमधली बाई सांगते, मी ऐकते. एकदा ऐकलं की माझ्या ध्यानात राहतं." मग बाईंचा चेहरा बघून ती घाबरली. "वाचन म्हणजे हेच ना, बाई?"

तिनं काही लबाडी केली नव्हती हो. दुसरीत तिला काना-मात्रा येत होत्या, छोटे शब्द लागत होते. जोडाक्षरांपाशी आली तेवढ्यात तिसरीत गेली आणि हातात टॅब आला. तेव्हापासून तिला मोठ्यानं वाच असं कुणी म्हणालंच नाही. दोन वर्षांत मागचंही पुसट होऊन गेलं. आणि ही वर्गात पहिली! बाईंना भरून आलं, लाजही वाटली.

त्याच संध्याकाळी सरपंच सुदामअण्णा शाळेत आले. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. पाणीपुरवठ्याची एक सूचना होती, दहा-बारा ओळींची. "परवा हाच कागद म्हातारे गणूतात्या घेऊन येतील. साहेबांसमोर फजिती नको बाई. पोरीकडून आधीच करून घ्या." इतक्या वर्षांत कोऱ्या वाचनाचा कागद असा आधी कुणी आणून दिला नव्हता. अण्णांना वैजूचं काही ठाऊक नव्हतं. गावाचं नाव राखावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

बाईंनी नको म्हणायला हवं होतं. त्यांनी कागद ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी ती सूचना आपल्या आवाजात टॅबमध्ये भरली आणि वैजूला ऐकायला दिली. पोरीनं दोनदा ऐकली. तिसऱ्या वेळी कागद समोर धरून तिनं घडाघडा म्हणून दाखवली. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं बरोबर.

"बोट ओळीवरून फिरवत जा," बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांना तिच्याकडे बघवेना.

वैजूनं बोट फिरवलं. मग विचारलं, "बाई, जूनला मी पाचवीला मोठ्या शाळेत जाणार ना? तिथल्या टॅबमध्येपण तुम्हीच बोलाल ना?"

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर्ग लवकर सोडला. घरी आल्यावर ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. उद्या टाळ्या पडतील. साहेब खूश होतील. मान मिळेल. आणि जूनमध्ये ही पोर साठ मुलांच्या वर्गात पुस्तक उघडून बसेल आणि त्यातलं तिला काही लागणार नाही. तिथं कुणी तिला ठोठ म्हणेल, कुणी हसेल. शाळा सोड म्हणायला घरचे कितीसा वेळ लावतील? त्यांनाच कुठं वाचता येतंय?

सव्वीस तारीख उजाडली. झेंडावंदन झालं. साहेब खुर्चीत बसले. रावजी धुतलेला सदरा घालून सगळ्यांत पुढं उभा होता. गणूतात्या काठी टेकत आले आणि त्यांनी सूचनेचा कागद वैजूच्या हातात दिला. वैजूनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं.

तेवढ्यात बाई उठल्या. वैजूच्या हातातला कागद त्यांनी हलकेच काढून घेतला आणि तिला आपल्या जवळ उभं केलं.

"हे कोरं वाचन नाही," त्या म्हणाल्या. "हा कागद माझ्याकडे परवाच आला. मी तो टॅबमध्ये वाचून ठेवला आणि हिनं ऐकून पाठ केला. वैजूला वाचता येत नाही. तिसरी-चौथीत आणखी किती जणांना येत नाही, ते मला अजून माहीत नाही. दोन वर्षं मी एकाचंही वाचन कानांनी ऐकलं नाही. टॅबमधल्या खुणा बघितल्या आणि त्यावर विसंबले."

सुदामअण्णा ताडकन उभे राहिले. "बाई, साहेबांसमोर गावाचं नाक कापलंत! हे आजच बोलायचं होतं?"

"आज नाही बोलले तर पुन्हा बोलायचं धाडस मला होणार नाही, अण्णा."

रावजीचा चेहरा उतरला होता. तो पुढं आला, खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे माझी पोरगी ठोठ निघाली म्हणायची?"

"नाही रावजी. दहा ओळी दोनदा ऐकून म्हणून दाखवणारी पोर ठोठ नसते. शिकवण्यात मी कमी पडले." "माझं चुकलं. तुमच्या पोरीची दोन वर्षं मी वाया घालवली."

रावजीनं लेकीकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "पाचवीला जून महिन्यात जायचं ना?"

"हो."

"मग अजून दिवस आहेत. शिकवा."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले. मान दुसऱ्या गावाच्या शाळेला मिळाला. आठवडाभर लोक बाईंशी तुटक बोलले. एकानं तर म्हटलं, ते टॅब परत पाठवा, त्यांनीच घात केला. बाई म्हणाल्या, "त्यांनी काय केलं? त्यांनी वाचून दाखवलं, मी ऐकायचं सोडून दिलं."

त्यांनी अकराही मुलांना एकेक करून वाचायला बसवलं. सहा जणांची गत वैजूसारखीच होती. बाईंनी कानातल्या वायरी गोळा करून कपाटात टाकल्या आणि टॅब उलटे वापरायला घेतले. आता टॅबनं बोलायचं नाही. पोरानं पुस्तकातून मोठ्यानं वाचायचं, टॅबनं आवाज धरून ठेवायचा, मग पोरानं पुस्तकावर बोट ठेवून आपलंच वाचन ऐकायचं आणि कुठं अडलो, काय गाळलं ते स्वतः शोधायचं. नाहीच सापडलं तर बाईंकडे यायचं. रोज शाळा सुटायच्या आधी प्रत्येकानं पाच ओळी बाईंसमोर वाचायच्या. त्यातून सुटका नाही. वर्गात पुन्हा कोलाहल सुरू झाला. बाईंचा घसा पुन्हा बसू लागला.

वैजूला सगळ्यांत जड गेलं. ऐकून चटकन उचलायची सवय. शब्दाचं पहिलं अक्षर बघून ती पुढचं अंदाजानं ठोकून द्यायची. मग टॅबमधला स्वतःचा आवाज ऐकला की चूक कळायची आणि ती रडायची. "मला पूर्वी सगळं येत होतं," असं एकदा ती रागानं म्हणाली. बाईंनी तिला रडू दिलं आणि डोळे पुसल्यावर तीच ओळ पुन्हा वाचायला लावली. दया येत होती, पण त्यांनी ओळ सांगितली नाही.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एक मेला निकाल लागला. आईबाप आपापल्या पोरांची प्रगतिपुस्तकं घ्यायला आले. वैजूचं नाव यंदा पहिलं नव्हतं, पाचवं होतं. रावजीनं पुस्तक घेतलं, इकडून तिकडून बघितलं आणि सवयीनं बाईंपुढे धरलं. "काय लिहिलंय, सांगा की."

"मला काय विचारता? घरात वाचणारी आहे तुमच्या," बाई म्हणाल्या.

रावजीनं पुस्तक लेकीकडे दिलं. वैजूनं 'वाचन' या शब्दाच्या पुढची ओळ शोधली. बाईंनी ती आदल्या दिवशी लिहिली होती आणि कुणालाही दाखवली नव्हती. वैजू वाचू लागली. "अड... अडख... अडखळते. पण... पर... प्र..." ती थांबली. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी ओठही हलवला नाही. वैजूनं अक्षरावर बोट रोवलं, दम घेतला. "प्रत्येक. प्रत्येक शब्द... स्व... स्वतः वाचते."

मग तिनं सगळी ओळ पुन्हा एकदा, सलग वाचली. "अडखळते, पण प्रत्येक शब्द स्वतः वाचते."

रावजी तिच्याकडे बघतच राहिला. एकदा फसलेला बाप तो. त्यानं हळूच विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी नाही, आबा," वैजू म्हणाली. "इथं लिहिलंय."

तात्पर्य: शिकवण्याचं साधन कितीही चांगलं असलं, तरी मूल खरोखर शिकलं की नाही हे शिकवणाऱ्यानं स्वतः ऐकून-पाहून घ्यावं, आणि चूक झालीच, तर मानापेक्षा मुलाचं हित मोठं मानून ती कबूल करावी.