दर पावलाला लाथ

"सून गुणाची आहे हो, पण दर पावलाला लाथ मारते! उंबरठ्यावरचं माप एकदाच ओलांडायचं असतं, हे माहेरी सांगितलं नाही वाटतं," सासूबाई आपल्या जावेला म्हणाल्या. खडकामागे उभ्या असलेल्या नव्या सुनेने, ठिपकीने, ते ऐकलं.

शेळ्यांमध्येही सुना सासूच्या मागून चालत, त्या काळची ही गोष्ट. ठिपकीचं माहेर खूप उंचावर होतं. तिथे बर्फावर आधी खूर आपटून पाहत, मगच अंगाचा भार टाकत.

एका सकाळी कळप हिमनदीपलीकडच्या गवताकडे निघाला. रात्री नवा बर्फ पडला होता, तरी सासूबाई नेहमीसारख्या झपाझप पुढे. वाटेवरचा बर्फ मध्येच किंचित खचलेला ठिपकीला दिसला. ती धावत जाऊन त्यांना आडवी झाली.

"अगंबाई! सासूच्या पुढे?" चुलतसासूबाई ओरडल्या.

ठिपकीने समोर एक लाथ हाणली. बर्फ धपकन कोसळला आणि दोघींच्या पुढ्यात निळी, खोल भेग उघडली.

"मग... आता जायचं कुठून?" सासूबाईंनी पडेल आवाजात विचारलं.

लग्नानंतर ठिपकी पहिल्यांदाच तोंड उघडून बोलली, "माझ्या मागून या, खुरावर खूर ठेवून. आणि सासूबाई, बोलायचं ते जरा हळू बोला हं. या दरीत खडकामागेही सगळं ऐकू येतं."